कीबोर्ड गप्प झाला, आणि शेवटी निघालं काय?

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला माझ्या लॅपटॉपने जोडाक्षरांपुरता संप पुकारला. मी इन्स्क्रिप्टवर मराठी टाइप करते. त्यात अक्षराचा पाय मोडायचं काम 'डी'च्या बटणाकडे असतं आणि नेमकं तेच मेलं. 'महाराष्ट्र'चा 'महाराषटर' झाला, 'प्रश्न'चा 'परशन'. सकाळी ९ ला २२ पानांचं भाषांतर द्यायचं होतं. 'उद्या देते' एवढं कळवावं म्हटलं, तर त्यातही जोडाक्षर!

मग जुन्या फाइलमधून एक सुटा हलन्त (तेच पाय मोडायचं चिन्ह) कॉपी केला आणि दर जोडाक्षराला कंट्रोल-व्ही. दीड पान तसं रेटलं. नंतर आठवलं की विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबलं की पडद्यावर कीबोर्ड उघडतो. तिथे माउसने हलन्त टिपत टिपत पहाटे ३ ला संपवलं. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुलाने चिमट्याने बटणाची टोपी उचलली. खाली चकलीतला तीळ! बटण त्याच्यावर अडून अर्ध्यातच थांबत होतं. पोराने पैसे घेतले नाहीत, पण हसला फार.

तर हा धागा त्यासाठी. काय बंद पडलं, काय काय खटपट केली आणि शेवटी नेमकं काय निघालं, ते लिहा. 'नवा घे' हा सल्ला नवऱ्याकडून मिळालेला आहे.

पेन्शनर

जुना छोटा लॅपटॉप, उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं नसलेला. नातू खेळून गेला आणि माझा पासवर्ड चालेना. पाच वेळा टाकला, दहा वेळा टाकला. हॅक झालं म्हणून मुलीला बंगलोरला फोन. ती म्हणाली, "बाबा, पासवर्डच्या चौकटीत तो डोळा दिसतोय ना, त्यावर दाबा." दाबलं, तर अक्षरांच्या मध्येमध्ये आकडे! असल्या लॅपटॉपवर नम लॉक लागलं की जे, के, एल म्हणजे १, २, ३ आणि यू, आय, ओ म्हणजे ४, ५, ६. पासवर्ड टाकताना नुसते ठिपके दिसतात, मग माणसाला कळणार कसं?

आलेपाक

चहा. आलं आणि तीन चमचे साखर घातलेला. जास्त बोलवत नाही.

लॅमिंग्टन रोडवाला

लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण गिऱ्हाईक तसं म्हणत नाही) १४ वर्षं रिपेरिंग करतोय. ताई, तुमचा तीळ निघाला हे नशीब समजा.

आमच्याकडे लॅपटॉप आला की मी आधी स्क्रू खोलत नाही. चालू करताना एफ-टू किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर जातो. तिथे विंडोज नसतंच. तिथे बाणांची बटणं नीट चालली तर रोग बहुतेक सॉफ्टवेअरचा. बायोसमध्येही गप्प असेल तर मग खोलायचं.

सगळी बटणं एकदम गेली असतील तर मी आधी रिबन बघतो. कीबोर्डची चपटी पट्टी मदरबोर्डवर एका नखाएवढ्या लॉकमध्ये बसते. लॅपटॉप पडला, किंवा आधीच्या कारागिराने लॉक नीट लावलं नाही, की सरकते. काही ठरावीक बटणंच गेली असतील तर गोष्ट वेगळी. आत प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर आडव्या-उभ्या रेघा छापलेल्या असतात आणि प्रत्येक बटण म्हणजे एक आडवी, एक उभी अशी गाठ. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात. ती शेजारीशेजारी असतीलच असं नाही, म्हणून लोकांना भुताटकी वाटते. तिथे कीबोर्डच बदलावा लागतो. आणि हल्ली पुष्कळ मॉडेलमध्ये तो वरच्या बॉडीला प्लॅस्टिकच्या रिव्हेटने वितळवून बसवलेला असतो. मजुरी का वाढली हे समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो.

आलेपाक, तुमच्यासाठी उशीर झालाय, पण बाकीच्यांसाठी सांगतो. सांडल्याबरोबर चार्जर काढा, पॉवरचं बटण धरून मशीन बंद करा, उघडून पालथं घाला, तंबूसारखं. तांदळाच्या डब्यात पुरू नका, उलट तांदळाची भुकटी आत जाते. हेअर ड्रायर नको, टोप्या वाकतात. आणि "वाळला, चालतोय" म्हणून खूश होऊ नका. पाणी उडून जातं, साखर राहते.

आलेपाक

बरोब्बर तीन दिवस चालला होता. मी घरात पेढे वाटायच्या बेतात होतो.

करंगळी

माझं वाचून हसू नका. बटण दाबलं की काहीच नाही, जोरात धरून ठेवलं की उमटायचं. बदलापूर लोकलमध्ये बसून रिपोर्ट लिहिणारी मी, तेवढा वेळ कुठला? दुकानात फॉरमॅट करून आणलं, ५०० रुपये. चालला. आठवड्याने पुन्हा तेच! ऑफिसातल्या एकाने पाचव्या मिनिटाला पकडलं: वाचताना माझी उजवी करंगळी शिफ्टवर टेकलेली असते. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की विंडोजमध्ये फिल्टर कीज सुरू होतात, मग ते झटपट दाबलेली बटणं मोजतच नाही. तशी 'सुरू करू का' विचारणारी चौकट येते. मी ती न वाचता एंटर मारत होते.

दापोलीकर

पावसाळा आणि लाल मुंग्या, दोन्ही. जुलैत लॅपटॉप महिनाभर कपाटात होता. उघडला तर एस आणि एंटरच्या फटीतून रांग. मुलीने त्यावर बिस्किट खाल्लं होतं, तोही पुरावा मिळाला. मुंग्या गेल्या, पण दमट हवेने आतले सांधे हिरवे पडले होते.

वसतिगृह

माझा स्पेसबार वर आला होता. टचपॅडही क्लिक होईना आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला. मित्र म्हणाला, बटण सैल झालंय, दाब. मी अंगठ्याने दाबत राहिलो, चांगले चार दिवस! शेवटी नागपुरातल्या एका दुकानात खालचं झाकण काढलं तेव्हा बॅटरी उशीसारखी फुगलेली. दुकानदाराचा चेहरा बघूनच मला घाम फुटला.

लॅमिंग्टन रोडवाला

असं दिसलं की दाबायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही, बंद करून सरळ दुकानात. कीबोर्डचं नंतर बघू.

चिडका

तीन दिवस मी रोज शट डाउन करून चालू करत होतो, ढिम्म. भाचा फोनवर म्हणतो, "मामा, रिस्टार्ट केलंत का?" अरे बाबा, तेच तर करतोय! नाही म्हणे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. तो चालू असला की शट डाउन केलं तरी आतला बराच भाग झोपवून ठेवतात आणि सकाळी तसाच उठवतात. रिस्टार्टमध्ये खरी आंघोळ होते. केलं, आणि कीबोर्ड आला. माझा राग अजून गेलेला नाही.

श्टुटगार्टहून

आमच्याकडे नुसतं विंडोज आणि स्पेस एकदम दाबलं गेलं होतं. भाषा जर्मन झाली, वाय आणि झेडची अदलाबदल. अर्धा तास गेला.

अजून अडकलेली

माझं काही निघालेलंच नाही, म्हणून विचारते. सुरू केल्यावर वीसेक मिनिटं चालतो, मग पूर्ण गप्प.

लॅमिंग्टन रोडवाला

गप्प झाल्यावर बंद करून बायोसमध्ये जाऊन बघितलंत?

अजून अडकलेली

दादा, बायोसमध्ये जायला एफ-टू लागतं ना? तेच तर चालत नाही.

लॅमिंग्टन रोडवाला

बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून जा.

अजून अडकलेली

तो लावला की आतला चालू होतो. काढला की बंद.