घरच्या प्रॉक्समॉक्ससाठी जुना रॅक सर्व्हर की छोटा पीसी?

नाशिकला जुन्या बाजारात दोन झिऑनवाला (झिऑन म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतोय, ६४ जीबी रॅमसकट. प्रॉक्समॉक्सवर (एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) चालवायचंय ते इतकंच: घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळायला होम असिस्टंट, फोटोंसाठी इमिच, जाहिराती अडवायला पाय-होल आणि प्रयोगापुरती दोन-तीन लिनक्स व्हीएम (म्हणजे आभासी संगणक). घेऊ का? ठेवायला जागा एकच, देवघराशेजारचं कपाट.

उत्तर १
नको रे बाबा! मी हा शहाणपणा करून बसलोय. काही काम नसतानाही दीडशे वॅट खायचा, म्हणजे महिन्याला १०८ युनिट. शिवाय पंख्यांचा आवाज असा, की आईने विचारलं, "गिरणी टाकलीस का?" आता इंटेल आय५-८५००टी प्रोसेसरचा वापरलेला छोटा पीसी आहे: सहा कोअर, ३२ जीबी रॅम. रिकामा असताना पंधरा वॅटच्या आसपास, महिन्याला अकरा युनिटसुद्धा नाहीत. तुझ्या यादीत आधी रॅम संपेल, प्रोसेसर नाही. म्हणून रॅमचे दोन स्लॉट आहेत ना, ते बघूनच घे.

उत्तर २
सहमत. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (व्हीएम चालवण्यासाठीची प्रोसेसरची सोय) चालू कर. एखादं कार्ड थेट व्हीएमला द्यायचं असेल तर व्हीटी-डीही लागेल. डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टम वापरणार असशील तर स्वस्तातली क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी) एसएसडी टाळ, लिहून लिहून लवकर झिजते.

धागाकर्ता
आवाजाचं लक्षातच आलं नव्हतं. रॅक रद्द. इमिचचे फोटो त्याच डिस्कवर ठेवू का?

उत्तर १
ठेव, पण बॅकअप दुसऱ्या डिस्कवर. आणि छोटा यूपीएस आधी घे, रॅम नंतर वाढव.