आधी वर्ग, मग काडतूस

भावा, हजार यार्डांवरच्या रायफल नेमबाजीसाठी ६.५ क्रीडमूर काडतूस घ्यावं की .३०८, असं विचारलंयस आणि वर सगळे गोळीच्या वेगाच्या आकड्यांवरच भांडतायत. आधी स्पर्धेच्या कुठल्या वर्गात उतरणार ते सांग. एफ-टीआर (लांब पल्ल्यावर रायफल टेकवून मारायच्या एफ-क्लासचा एक वर्ग) असेल तर वादच मिटला, तिथं .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर ही दोनच चालतात. एफ-ओपन या दुसऱ्या वर्गात ८ मिमी व्यासापर्यंत मोकळीक. तिथं क्रीडमूर बरं, कारण त्याची लांब, सडपातळ गोळी हवा सहज कापते, वाऱ्यानं कमी सरकते. धक्काही कमी. पण नळी .३०८ पेक्षा लवकर झिजते, तो खर्च कुणी बोलत नाही!

आणि एक, आपल्या नेमबाज तेजस्विनी सावंतचं २०१० चं म्युनिकच्या जागतिक स्पर्धेतलं सुवर्ण काय किंवा स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य काय, दोन्ही ५० मीटरवर, साध्या .२२ च्या छोट्या काडतुसावर. ती हळू गोळी वाऱ्यानं एवढी हलते की वारा दाखवणाऱ्या झेंड्या वाचायला आपोआप शिकतोस. मी तरी दोन हंगाम तीच मारीन. फक्त काडतुसांच्या पेट्या एकदम भरू नकोस. एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट (एकेका खेपेत बनलेली काडतुसं) तुझ्या नळीतून मारून बघ, छिद्रांचा गठ्ठा कुठल्या लॉटचा घट्ट पडतो ते निशाण्याचा कागदच सांगेल.