नाशिकला कॉफी कळत नाही, हे कोणी ठरवलं?

गोदाकाठ:
काल इथे एकांनी लिहिलं होतं, "नाशिकला मिसळ खा, वाइन प्या, पण कॉफी प्यायची तर पुणं गाठा. नाशकात कॉफीच्या नावाखाली दूध-साखर विकतात." रात्री झोप लागेना, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

गंगापूर रोडला आत गल्लीत एक छोटं दुकान आहे, पाच टेबलांचं. तिथे मी गेली चार वर्षं जातोय. काउंटरमागचा मुलगा सिन्नरचा. पाकिटावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख असते. दोनच दिवसांपूर्वी भाजलेली कॉफी मागितली तर तो देत नाही. "काका, अजून गॅस निघतोय, आठवडाभर थांबा," म्हणतो. गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. १५ ग्रॅम पूड, २४० मिली पाणी, तेही उकळतं नाही, ९३ अंशांच्या आसपास. मागच्या महिन्यात चिकमगळूरची सिलेक्शन ९ ही कॉफीची जात प्यायलो. गार होत गेली तशी संत्र्याच्या सालीसारखी लागायला लागली. यात दूध कुठे आहे आणि साखर कुठे? कॉफीचे मळे पुण्यातही नाहीत. माल दोघांकडेही बहुतेक कर्नाटकातूनच येतो.

मूळचा_कोथरूडकर:
ते लिहिणारा मीच. नोकरीमुळे तीन वर्षं नाशकात इंदिरानगरला राहतोय, त्यामुळे ऐकीव बोलत नाही. कॉलेज रोडला एका ठिकाणी पोअरओव्हर (गाळणीतल्या पुडीवर हळूहळू पाणी ओतून केलेली काळी कॉफी) मागितली, तर मुलाने विचारलं, "सर, सिरप कुठलं घालू?" भाजल्याची तारीख विचारली तर "फ्रेशच आहे सर." एस्प्रेसो मागितली, ती दहा सेकंदांत कपात. अहो, ९ बार दाबाखाली १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी उतरायला २५ ते ३० सेकंद लागतात. दहा सेकंदांत उतरते ती आंबट पाणी असते. त्याचे २६० रुपये दिले मी. तुमचं एक दुकान चांगलं असेल, पण एका दुकानाने शहर होत नाही.

कॉलेजरोडला_घर_आहे:
कॉफी कशीही असू द्या, गाड्या आमच्या फाटकासमोर लावू नका. रविवारी वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं, वीस मिनिटं गाडी बाहेर काढता आली नाही. गाडीवाला आत लॅपटॉप उघडून बसला होता. दुकानाला परवानगी देताना पार्किंग कोणी बघतं की नाही?

ओझर_टाउनशिप:
नाशिकला कॉफी आत्ता आली असं दोघंही धरून चाललाय. विमानं बनवणारी एचएएल ओझरला आली ती १९६४ साली, आणि तिच्याबरोबर बंगळूरकडची कुटुंबं आली. आमच्या शेजारच्या मामी पहाटे पितळेच्या फिल्टरमध्ये पूड दाबून उकळतं पाणी ओतायच्या. थेंब थेंब उतरलेला तो काढा आणि ताजं दूध. मी सात वर्षांचा असताना तो वास भिंतीपलीकडून यायचा. मला कॉफी त्यांनी शिकवली, कुठल्याही कॅफेने नाही.

काळी_बिनसाखरेची:
त्या फिल्टर कॉफीत चिकोरी असते. पाकीट उलटं करून वाचा, टक्केवारी छापणं बंधनकारक आहे. कॉफी ५१ टक्के असली तरी कायद्याला चालतं. मुळं भाजून केलेली पूड प्यायची आणि स्पेशल्टीवर, म्हणजे निवडक दाण्यांच्या कॉफीवर, चर्चा करायची?

पंचवटीची_सून:
मग आमच्या जायफळाच्या कॉफीला तर तुम्ही दारातही उभं करणार नाही! सासूबाई संध्याकाळी पाहुणे आले की दुधात कॉफी, साखर, वेलदोडा घालतात आणि वरून जायफळ किसतात. लग्नघरात पहाटे अख्खं पातेलं चढतं. मराठी माणसाची कॉफी ती. मागच्या आठवड्यात एका कॅफेत विचारलं, जायफळ आहे का? मुलगी हसली. दालचिनीची डबी मात्र समोरच होती.

काळी_बिनसाखरेची:
ती हसली ते चुकलंच. पण जायफळ का आलं तेही बघा. घरोघरी डब्यातली झटपट कॉफी, महिनोन्‌महिने उघडी. कडवटपणा झाकायलाच जायफळ. चांगल्या दाण्यात ते घालणं म्हणजे कॉफीचा अपमान.

पंचवटीची_सून:
अपमान तुम्ही माझ्या सासूबाईंचा करताय. त्यांनी चाळीस माणसांची कॉफी एकटीने केलीये, कोणाच्या कपात साय आली नाही. झाकायला नाही घालत हो, आवडतं म्हणून घालतात. बासुंदीत जायफळ घालतात ते काय दूध नासलेलं असतं म्हणून?

ओझर_टाउनशिप:
बासुंदीचा मुद्दा बिनतोड आहे. आणि चिकोरीवर नाक मुरडणाऱ्यांनी आमच्या मामींच्या हातची एकदा प्यायला हवी होती.

मूळचा_कोथरूडकर:
जायफळ माझ्या आईलाही लागतं, त्यावर मी बोलणार नाही. पण विषय कॅफेचा होता.

पिंपळगावचा_बागाईतदार:
मी द्राक्षवाला. चवीचं एवढं बोलताय, तर ती येते कुठून तेही बघा. कॉफीचं फळ सालीसकट वाळवलं की गोड, फळासारखी चव उतरते. साल काढून, धुऊन वाळवलं की चव स्वच्छ, आंबटसर. बेदाणा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वाळवताना एक ढगाळ आठवडा आला की माल गेला. पंचवीस वर्षांपूर्वी नाशकात वाइन कोणाला कळत होती? मळे दारात आले, माणसं चाखायला लागली, शिकली. कॉफीचंही होईल. फक्त २६० रुपयांतले मळेवाल्याला किती मिळतात हे कोणीच विचारलं नाही, याचं वाईट वाटतं.

मूळचा_कोथरूडकर:
हे पटलं. पण पाण्याचं काय? बहुतेक कॅफेंत आरओचं पाणी. क्षार सगळे निघून गेले की कॉफी सपक लागते. नव्या वसाहतींत बोअरचं पाणी, ते इतकं जड की चव मारून टाकतं. पाण्यात क्षार १५० पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास हवेत. तुमच्या सिन्नरच्या मुलाला विचारा.

गोदाकाठ:
विचारून आलो. तो आरओच्या पाण्यात नळाचं पाणी मिसळतो, आणि मोजायचं यंत्र गल्ल्याशेजारीच ठेवलंय. पण एक मान्य करतो, बाकी तीन ठिकाणी जाऊन विचारलं, तिथे कोणी मोजत नाही. एका ठिकाणी तर तारखेवर स्टिकर चिकटवलेला होता. याचा मलाही राग आला.

मूळचा_कोथरूडकर:
म्हणजे चारातलं एक. बरं, ते एक मान्य. गल्ली कुठली ते सांगा, शनिवारी सकाळी येतो. चव नाही आवडली तर इथेच येऊन लिहीन.

कॉलेजरोडला_घर_आहे:
दुचाकीवर या.

पंचवटीची_सून:
मीही येते, जायफळ आणि किसणी घेऊन. त्यांच्या कपात नाही घालणार, माझ्या कपात घालणार. आणि काळी_बिनसाखरेची यांनी समोर बसून एक घोट घ्यावा, मग अपमान कोणाचा ते बोलू.

काळी_बिनसाखरेची:
एकच घोट. आणि दुधाशिवाय.