सुरक्षा चाचणीचा रिपोर्ट नुसता ऑडिटसाठी नसतो

एकांनी लिहिलंय की कॉम्प्युटरच्या सुरक्षा चाचणीचा रिपोर्ट म्हणजे ऑडिटरपुढे ठेवायचा कागद, बाकी त्याचा काही उपयोग नाही. मला हे अर्धंच पटलं. नियमांची पूर्तता दाखवायला तो लागतोच, पण अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००८ च्या ८००-११५ या मार्गदर्शिकेत इतरही उपयोग दिलेत: दुरुस्तीला आधार, पुढच्या वेळी सुधारणा मोजायचं माप, उपायांचा खर्च आणि फायदा तोलणं.

यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथल्या रिपोर्टात एक ओळ होती: रिमोट डेस्कटॉप (दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय), पोर्ट ३३८९ (त्या सोयीचं नेटवर्कवरचं दार), थेट इंटरनेटवरून उघडा, गंभीरता ‘हाय’. सॉफ्टवेअरवाला नागपुरात बसून दुरुस्ती करायचा, त्याच्या सोयीसाठी राउटरमधून ती वाट काढून ठेवलेली. संचालकांना मी तोंडी सांगत होतो तोवर “पाहू पुढच्या सभेत” एवढंच उत्तर मिळायचं. रिपोर्टात मात्र आयपी पत्ता, लॉगिनच्या खिडकीचा स्क्रीनशॉट, उपाय, अन् तो कोणी करायचा हे सगळं लेखी आलं. तो रिपोर्ट ठेवला त्याच बैठकीत व्हीपीएनचा, म्हणजे दुरून जोडणीसाठीच्या सुरक्षित खासगी वाटेचा, खर्च मंजूर झाला. फेरचाचणीत त्या ओळीपुढे ‘बंद’ लिहून आलं, ते इतिवृत्तात नोंदवलं.

म्हणून काम देतानाच फेरचाचणी करारात आहे का ते विचारून घ्या. आणि रिपोर्टची पीडीएफ कृपया संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. चोराला घराचा नकाशा दिल्यासारखं होतं ते. पासवर्ड लावून ज्यांना दुरुस्ती करायची आहे त्यांनाच द्या.