अंतराची सुई, एचआयव्हीची सुई अन् गावभर पसरलेली भीती

आशाताई_यवतमाळ: काल एकानं टाकलं, "अंतराच्या सुईनं पोट कायमचं बंद होते, त्यानंच एचआयव्ही वाढते, अन् आता ती वर्षातून दोनदा घ्यायची नवी सुई म्हणजे बायांवर प्रयोग." वाचून डोकं फिरलं. अंतरा म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर 3 महिन्यांनी घ्यायची सुई. सोडल्यावर दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात, पण राहतात. पाळी चुकते, डाग पडतात, हे खरंच आहे. एचआयव्हीचं म्हणाल तर आफ्रिकेत 4 देशांत 7,829 बायांवर एको नावाची चाचणी झाली, 2019 मध्ये निकाल आला, ही सुई, कॉपर-टी, दंडात बसवायची गर्भनिरोधक कांडी, तिन्हींत लागणीचा मोठा फरक निघाला नाही. अन् नवी सुई, लेनाकापाविर, गर्भनिरोधक नाहीच, ती एचआयव्ही अडवते. दक्षिण आफ्रिका अन् युगांडात ती घेणाऱ्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, 2024 चा निकाल आहे.

कास्तकार_पुसद: आकडे तिकडचे हायेत ताई. मायी वहिनी सुई घेऊन आली अन् महिनाभर अंगावरून जात रायलं, विचाराले गेली तर म्हणे होते असं. कोणी घरी येऊन पायलं नायी. अन् एचआयव्हीची सुई आमच्या घरच्या बायांले कायले पायजे? त्या काय बाहेर जातात काय?

आशाताई_यवतमाळ: वहिनीच्या बाबतीत दवाखान्याचं चुकलंच, तिला तपासायला पाहिजे होतं. पण घरच्या बाईला रोग घरातूनच येतो भाऊ. नवरा महिनोन् महिने ट्रकवर, निरोध वापर म्हटलं तर उलट तिच्यावरच संशय. त्याला न विचारता घेता येईल असं काही तिच्या हाती नको?

वर्धेकरीण: सगळं बाईच्याच अंगात टोचा! सरकारचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, एनएफएचएस-5, काढून पाहा, देशात बायांचं ऑपरेशन 37.9 टक्के अन् पुरुष नसबंदी 0.3. यावर बोला ना कोणी.

कास्तकार_पुसद: नसबंदी केली का माणूस कापसाचं गाठोडं उचलू शकत नायी, वावर कोण पायीन मंग?

वर्धेकरीण: कोण सांगते? माझ्या मालकानं बिनटाक्याची केली, त्याच दिवशी घरी आले, आता फवारणी, डवरणी सगळं करतात. सासूनं मात्र वर्षभर मलाच बोल लावला, पोराला अधू केलं म्हणून. माझं सिझर झालं तेव्हा मला कोणी विचारलं होतं का वावरात कोण जाईल?

बँड_पार्टी_दारव्हा: ताई, घरचं इथं कायले आणता, धागा सुईचा हाये.

वर्धेकरीण: घरचंच आहे हे सगळं. तुमच्या घरी कोणी ऑपरेशन केलं ते सांगा आधी.

आशाताई_यवतमाळ: एक सांगते, नसबंदीनंतर 3 महिने निरोध लागतो, अन् नसबंदी, अंतरा दोन्ही एचआयव्ही अडवत नाहीत. दिवस राहणं अन् एचआयव्ही, दोन्हीला अडवणारा आज निरोधच.

कास्तकार_पुसद: बरं, पोट कायमचं बंद होत नायी, एवढं मानतो. पण वहिनीले जे झालं ते नीट पायलं नायी, हे मी सोडणार नायी. अन् नसबंदीचं मले विचारू नका.

वर्धेकरीण: तुम्हालाच विचारणार.