बाण दुसऱ्या शीटवर गेले की
एक्सेलमध्ये एखादा फॉर्म्युला कुठल्या सेलवरून आकडे घेतो हे शोधायला ट्रेस प्रिसिडेंट्सचे बाण (त्या सेलपासून फॉर्म्युल्यापर्यंत रेषा काढणारी सोय) वापरा असं सुचवतात, ते ठीकच, पण एका शीटपुरतं. रेफरन्स, म्हणजे फॉर्म्युल्यात दिलेला सेलचा पत्ता, दुसऱ्या शीटवर असला की नुसता काळा तुटक बाण आणि शीटचं छोटं चिन्ह दिसतं, त्या रेषेवर डबल क्लिक केलं की यादी उघडते आणि तिथून थेट उडी मारता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्याच शीटवरचं असेल तर मी बहुतेक वेळा एफ२ (सेल एडिट करायची की) दाबून मोकळा होतो, फॉर्म्युल्यातला रेफरन्स आणि त्याचा सेल एकाच रंगात दिसतो, बास. फक्त कुणी इनडायरेक्ट (टेक्स्टवरून सेलचा पत्ता बनवणारं फंक्शन) वापरलं असेल तर सगळंच मुसळ केरात, पत्ता टेक्स्ट म्हणून लिहिलेला असतो ना, बाणाला तो दिसतच नाही. असले सेल आधी फाइंडने हुडकून काढा.