चर्चा: आंजर्ल्याच्या मुक्कामात बंगल्याचे स्वयंपाकघर वापरावे की नाही?

आमसूल (धागाकर्ता):

मार्चमध्ये आम्ही नऊ जण चार रात्रींसाठी कोकण किनाऱ्यावरच्या आंजर्ल्याला जात आहोत. नऊ जणांत दोन ज्येष्ठ, चार मोठे आणि तीन मुले आहेत. घेतलेल्या बंगल्यात गॅसची शेगडी, फ्रिज, मिक्सर आणि पाच लिटरचा कूकर आहे. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण आपणच करावे आणि दुपारचे जेवण शेजारच्या घरातून सांगून घ्यावे, असे माझे मत आहे. एवढ्या माणसांनी तिन्ही वेळा बाहेर जेवणे खर्चाचे होते आणि मुलांना भूक लागते ती खानावळीच्या वेळेला लागत नाही.

सोपेपणाची तयारी घरूनच करता येते. रवा भाजून न्यावा, म्हणजे उपमा दहा मिनिटांत होतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लसणीची कोरडी चटणी आणि आमसुले सोबत असली की निम्मा स्वयंपाक झालाच. पहिल्या दिवशी प्रवासात दुधात भिजवलेल्या दशम्या खाव्यात. रात्री मुगाची खिचडी करावी. त्यासाठी माणशी अर्धी वाटी तांदूळ आणि त्याच्या निम्मी डाळ पुरते. कूकर लहान असल्यामुळे तो दोनदा लावावा लागेल, एवढेच. सोबत आमसुलाचे सार करावे, कारण सोलकढीला नारळाचे दूध लागते आणि मार्चच्या दमटपणात ते दुपारनंतर आंबू लागते. एका संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलावाच्या वेळी जाऊन मासे आणावेत, असाही बेत आहे. लिलावात टोपलीच्या हिशेबाने बोली लागते, पण बाजूलाच बसलेल्या बायका घरगुती प्रमाणात मासे विकतात आणि साफ करूनही देतात. ही आखणी योग्य वाटते का?

उंबरठा:

आपली आखणी नीटनेटकी आहे, तरीही मी तिच्या पूर्ण विरोधात आहे. आपण काय शिजेल ते लिहिले आहे. कोण शिजवेल ते कुठेही लिहिलेले नाही. ‘उपमा दहा मिनिटांत होतो’ या वाक्यात नऊ माणसांचा कांदा चिरणे, दोनदा चहा ठेवणे, मुलांचे दूध, नंतरची कढई आणि बशा यांपैकी काहीही धरलेले नाही.

मी हे अनुभवावरून लिहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण त्याच किनाऱ्यावर होतो. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी सापडली की ती अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राच्या दिशेने सोडली जातात. आमच्या दुसऱ्या सकाळी पिल्ले निघाली असल्याचे कळताच सगळे धावत किनाऱ्यावर गेले. जाऊबाई आणि मी पोह्यांची फोडणी अर्धवट टाकून जाऊ शकलो नाही. सगळे परतले तेव्हा पोहे तयार होते आणि मुलांनी काढलेले फोटो आम्ही ओट्यापाशी उभ्याने पाहिले. जे पाहायला तीनशे किलोमीटर गेलो, ते आम्हा दोघींना दिसलेच नाही. घरात ओटा सुटत नाही, निदान सुटीत तरी तो सुटावा, ही मागणी मला अवास्तव वाटत नाही. तिन्ही जेवणे गावातल्या घरांतून घ्यावीत. वेळासला कासवे पाहायला जाणारे लोक गावकऱ्यांच्याच घरी राहतात आणि तिथेच जेवतात.

कुळीथ:

मी दापोली तालुक्यातच राहते आणि पर्यटकांना घरगुती जेवण देते. त्यामुळे माझे मत स्वार्थाचे वाटेल, हे मान्य करून लिहिते. आमच्याकडचे जेवण घ्या, पण ते आदल्या रात्री सांगा. सकाळी दहाला फोन करून ‘एक वाजता नऊ ताटे, त्यात मोदक’ असे सांगितले, तर नारळ खोवायचा कधी, उकड काढायची कधी आणि फणसाची कुयरी चिरून शिजवायची कधी? गेल्या हंगामात बारा ताटे सांगून, शिजल्यावर ‘आम्ही वाटेतच जेवलो’ असा निरोप आला. तो सगळा स्वयंपाक आमच्या अंगावर पडला.

बंगल्यात शिजवण्याबद्दल एक गोष्ट शहरातल्या माणसांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे धो धो कोसळते, पण मार्चपासून विहिरींचे पाणी खाली जाऊ लागते आणि काही वाड्यांवर पुढे टँकर येतात. नऊ माणसांची तीन वेळची भांडी घासायला जे पाणी जाते, ते त्याच विहिरीतले असते. दुसरे उरलेल्या अन्नाचे. चार दिवसांचे डाळतांदूळ हौसेने शिजवले जातात आणि निम्मे उरतात. बंगल्यामागे किंवा किनाऱ्यालगत ते टाकले की कुत्री येतात, आणि एकदा तिथे यायची सवय लागली की हीच कुत्री वाळूतली कासवांची घरटी उकरतात. जी पिल्ले पाहायला आपण येता, त्यांचा संबंध आपल्या खरकट्याशी असा थेट आहे. म्हणून शिजवायचेच असेल तर मोजून शिजवा आणि ओला कचरा कुठे टाकायचा, हे बंगल्याच्या मालकांना आल्याबरोबर विचारा.

माशांचेही त्यांना आधी विचारावे. आंजर्ल्यात, गुहागरात अशी पुष्कळ घरे आहेत जिथे आवारात मासे शिजवलेले चालत नाहीत. मासे घेऊन दारात उभे राहिल्यावर हे कळले, तर दोन्हीकडे संकोच होतो.

वेळेवर:

‘उंबरठा’ यांचे दुःख मला समजते, पण स्वयंपाकघराला कुलूप लावून चालणार नाही. माझ्या वडिलांना रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावे लागते. एका मुक्कामात साडेसातला सांगितलेली ताटे साडेनऊला आली, आणि आम्ही आधीच इन्सुलिन दिलेले असल्याने त्यांची साखर उतरून हात थरथरू लागले. साखरपाणी देऊन निभावले. त्यानंतर ताट डोळ्यांसमोर आल्याशिवाय आम्ही इन्सुलिन देत नाही आणि ज्येष्ठांचे रात्रीचे जेवण स्वतःच करतो. दोन माणसांची खिचडी किंवा कुळथाचे पिठले कुणालाही जमते. मात्र दुपारचा भात रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवून त्यालाच फोडणी देऊ नये. शिजवूनही काही जिवाणूंचे बीजाणू टिकतात आणि उकाड्यात ते भरभर वाढतात. उरलेला भात लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, आणि वीज जाऊन फार वेळ झाला असेल तर टाकून द्यावा.

दूरदेशी:

आम्ही जर्मनीत असतो. इथे सुटीत स्वयंपाकघर असलेली जागा घेणे ही सर्रास पद्धत आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी दूध-भाजी आणली नाही तर सोमवारपर्यंत अडचण होते. पण आमच्या गटात दोन कुटुंबे असली की दिवस वाटलेले असतात आणि ज्यांचा दिवस, त्या कुटुंबातले नवरा-बायको दोघेही राबतात. स्वयंपाकघर असणे हा प्रश्न नसून पाळी कुणाची, हा आहे.

आमसूल (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. ‘उंबरठा’ यांचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. पत्नी काहीच बोलली नाही, आणि मला तेच उत्तर वाटले. आखणी बदलली आहे. सकाळी किनाऱ्यावर सगळे जातील. निघताना फक्त चहा आणि खाकरा, आणि परतल्यावर भाऊ आणि मी उपमा किंवा थालीपीठ करू. दुपारची ताटे आदल्या रात्री आठच्या आत, संख्या नक्की करून सांगू. रात्री आई-वडिलांसाठी खिचडी ठरल्या वेळी होईल आणि बाकीचे तीच खातील. मासे बंगल्यात शिजवणार नाही. ज्या घरात ते चालतात, तिथेच एक दिवस जेवू.

तिन्ही जेवणे बाहेरून घेण्याचे मात्र मला अजूनही पटत नाही. रात्री दमलेल्या मुलांना ताटाची वाट पाहत जागे ठेवण्यापेक्षा गरम मऊ खिचडी आणि मेतकूट देणे मला अधिक प्रेमाचे वाटते, आणि ते काम मी आनंदाने करीन.

उंबरठा:

आपण हे मनापासून लिहिले आहे, म्हणून विरोध सौम्य करते. मागे घेत नाही. आपल्या नव्या आखणीतही भांडी कोण घासणार, हे नाही. बंगल्याच्या मालकांना आत्ताच फोन करून चार दिवस भांड्यांना कुणी येऊ शकेल का आणि त्यांचा मोबदला किती, हे ठरवून घ्या. तिथे पोहोचल्यावर शेजारच्या बाईंना गळ घालू नका. कुणी मिळाले नाही, तर खिचडीचा कूकर ज्यांनी लावला, त्यांनीच तो घासावा.

कुळीथ:

आणि भांडी पाण्याची धार सोडून नव्हे, तर टबात पाणी घेऊन घासावीत.